गोदामातले हमाल: आधी माथाडी मंडळ की आधी युनियन?

प्रश्न – हातगाडी

भिवंडी पट्ट्यातलं एक गोदाम संकुल. तीन ठेकेदार, मिळून ६५-७० लोडर. निम्मे मराठवाड्यातले, निम्मे उत्तर प्रदेश-बिहारचे. गाडी भरली किंवा उतरवली की ठेकेदाराचा माणूस रोख पैसे वाटतो. कंपनीकडून तो काय दराने घेतो ते कुणालाच माहीत नाही. पावती नाही, हजेरी त्याच्याच वहीत, थप्पी अंगावर कोसळली तर औषधपाणी आपापलं.

लोक तयार आहेत, पण तीन गोष्टींवर घोडं अडलंय.

एक, माथाडी मंडळाकडे (हमालांची नोंदणी करणारं आणि त्यांची मजुरी, निधी सांभाळणारं कायद्याने नेमलेलं मंडळ) आधी जावं की आधी युनियन नोंदवावी? दोन, कागद म्हणून हातात काहीच नसताना काम केल्याचं सिद्ध कसं करायचं? आणि तीन, अभ्यासवर्गात एक साथी म्हणाले की माथाडी मंडळ म्हणजे मालक आणि मजूर यांना एका टेबलाशी बसवून लढा थंड करायची सोय, यात समाजवादी म्हणावं असं काही नाही. हे कितपत खरं?

उत्तर १ – गोणपाट

आधी टोळी. मंडळ आणि युनियन दोन्ही त्यानंतर.

टोळी म्हणजे नुसती नावांची यादी नव्हे. एकत्र काम करणारे, एकाच दराने मजुरी घेणारे आणि आलेल्या पैशाची वाटणी आपसात ठरवणारे लोक म्हणजे टोळी. ७० जणांची एकच टोळी करू नका, चालत नाही. गोदामाच्या दारागणिक, म्हणजे ज्या फलाटावर जे रोज लागतात त्यांच्या, १५ ते २० जणांच्या टोळ्या करा. प्रत्येकीचा मुकादम टोळीनेच निवडायचा. ठेकेदाराचा मुकादम आपोआप टोळीचा मुकादम झाला तर पुढचं सगळं वाया गेलं समजा. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते: तुमचा अर्ज पोचायच्या आत ठेकेदार स्वतःच्या १५ माणसांची टोळी नोंदवून मोकळा होतो. मंडळाच्या दप्तरी टोळी आहे, लेव्ही (मजुरीच्या वर मालकाने मंडळात भरायची ठरावीक टक्केवारी) भरली जातेय, आणि खरं काम करणारे बाहेर.

आता पुरावा. साधी दोनशे पानी वही घ्या आणि सात रकाने आखा: तारीख, गाडीचा नंबर, माल कुणाचा, मालाचा प्रकार, नग किंवा वजन, काम सुरू-संपल्याची वेळ, कामावर किती जण. रोज संध्याकाळी टोळीतल्या दोघांच्या सह्या किंवा अंगठे. किमान सलग ३० दिवस. वही दोन प्रतींत, दोन वेगळ्या घरी. गाडीचा नंबर सर्वांत महत्त्वाचा, कारण तोच नंबर गेटच्या रजिस्टरमध्ये, बिल्टीवर (वाहतुकीच्या पावतीवर) आणि मालासोबतच्या ई-वे बिलात असतो. निरीक्षक आला की तुमची नोंद आणि त्यांची नोंद शेजारी ठेवता येते, मग 'हे लोक आमच्याकडे कधी आलेच नाहीत' हे म्हणणं टिकत नाही. एक पथ्य मात्र पाळा: कंपनीच्या कागदांचे फोटो आत जाऊन काढू नका. चोरीचा आळ घालून दोघांना बाहेर काढलं की बाकीचे ६८ गप्प बसतात.

मालक कोण, हा पुढचा पेच. १९६९ च्या माथाडी कायद्यातली मालकाची व्याख्या इथे कामी येते: कामगार ठेकेदारामार्फत लावलेला असेल तर मालक म्हणजे मूळ मालक, ठेकेदार नव्हे. अर्जात ठेकेदाराचं नाव मालकाच्या रकान्यात कधीच लिहू नका. पण गोदाम संकुलात जागा एकाची, माल दुसऱ्याचा, कारभार तिसऱ्या लॉजिस्टिक कंपनीचा अशी तीन नावं निघतात आणि तिघं एकमेकांकडे बोट दाखवतात. गाडी कधी लावायची, कुठला माल आधी उतरवायचा, हे फलाटावर कोण सांगतं ते वहीत लिहून ठेवा. ताबा ज्याचा त्याच्याकडे बोट जातं. योजना आपल्याला लागूच नाही असा वाद मालकाने काढला तर कलम ५ खाली तो प्रश्न राज्य सरकारकडे जातो, सरकार सल्लागार समितीचं मत घेऊन निर्णय देतं. त्यात महिनोन् महिने जाऊ शकतात, हे लोकांना आधीच सांगा. आठ दिवसांत मंडळाचा बिल्ला (नोंदणीची खूण) मिळेल अशी आशा लावून गोळा केलेली माणसं नवव्या दिवशी पांगतात.

उत्तर २ – गोणपाट

दराचं वर राहिलं. आकडे मनचे आहेत, रीत समजून घ्या.

२० जणांची टोळी, दिवसाला २० टनांच्या ३ गाड्या, म्हणजे ६० टन. हातात टनाला १५० रुपये पडतात: ९,००० रुपये, माणशी ४५०. ठेकेदार कंपनीला टनाला २२० लावतो: १३,२००. मधले ४,२०० त्याचे. आता मंडळ आलं आणि लेव्ही मजुरीच्या ४० टक्के धरली (खरा दर मंडळागणिक वेगळा असतो, तो मंडळाकडून लेखीच घ्या) तर ९,००० अधिक ३,६०० म्हणजे १२,६००. कंपनीचे दिवसाला ६०० वाचले, आणि हमालाच्या नावावर भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, पगारी रजा जमा व्हायला लागली. लेव्हीचा बोजा मालकावर येतो असं ओरडून सांगितलं जातं, पण तो बहुतेक वेळा ठेकेदाराच्या फायद्यातून निघतो. ठेकेदाराचं बिल हाती लागलं नाही तर ट्रकवाल्यांना विचारा. पुष्कळ ठिकाणी ड्रायव्हरकडून वाराई (गाडी भरण्या-उतरवण्याचे पैसे) वेगळी घेतली जाते, म्हणजे ठेकेदार दोन्ही बाजूंनी खातो, आणि ड्रायव्हरला दोन्ही आकडे तोंडपाठ असतात.

आणि सगळ्या मालाला टनाचा दर मान्य करू नका. ५० किलोच्या सिमेंटच्या गोण्यांना टन बरोबर आहे. गाद्या, प्लास्टिकच्या टाक्या, चिप्सची खोकी असा फुगीर माल असेल तर गाडी काठोकाठ भरूनही काटा ३ टनांवर थांबतो आणि दिवस तेवढाच जातो. अशा मालाला नगावर किंवा गाडीवर दर मागा.

उत्तर ३ – तराजू

युनियनच्या कायद्याबद्दल, कारण त्यात बदल झालाय आणि जुनी माहिती अजून फिरतेय.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ केंद्रीय कायदे त्यांत गेले. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा त्यात आला. माथाडी कायदा राज्याचा आहे, तो त्या २९ मध्ये नाही. 'आता माथाडीच राहिलं नाही' असं ठेकेदार सांगत असेल तर ती थाप आहे.

नोंदणीला अर्ज करायला किमान ७ सभासद लागतात. शिवाय त्या आस्थापनेतल्या किंवा उद्योगातल्या कामगारांपैकी १० टक्के किंवा १०० जण, यातला कमी आकडा, सभासद असायला हवेत. तुमच्या ७० त हे ७ वरच भागतं, पण ७ वर जाऊ नका. अर्जावरची सात नावं ठेकेदाराला कळली तर त्याला ते सातही जण एका दिवसात कामावरून काढून दुसरे लावता येतात. ४० जणांनी वर्गणी भरल्याच्या पावत्या फाटेपर्यंत अर्ज खिशातच राहू द्या.

माझं मत विचाराल तर एका संकुलापुरती नवी युनियन काढूच नका. पट्ट्यात आधीपासून काम करणारी, ज्यांचे हिशेब दरवर्षी सभेत वाचले जातात अशी संघटना शोधा आणि तिची शाखा व्हा. हिशेब बघायला मागितल्यावर पुढारी चिडला तर तिथून उठा.

संपाबद्दल तर डोळ्यांत तेल घाला. त्या चारांतल्या औद्योगिक संबंध संहितेत १४ दिवसांची नोटीस न देता केलेला संप बेकायदेशीर ठरतो. समेटाची बोलणी सुरू असताना आणि ती संपल्यावर ७ दिवसही संप करता येत नाही. आणि ५० टक्के किंवा जास्त लोकांनी एकाच दिवशी मिळून किरकोळ रजा घेतली तर तोही संपच धरला जातो. 'सगळ्यांनी उद्या आजारी पडू' ही जुनी युक्ती आता गळ्याशी येते. फलाटावर दर ठरल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही, असं गरम डोक्याने ठरवायच्या आधी कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला विचारा.

उत्तर ४ – पाणवठा

तिसऱ्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही, म्हणून लिहितो.

माथाडी कायदा आभाळातून पडलेला नाही. त्याचा नमुना गोदीतला. जहाज आलं की काम, नाही तर उपास, आणि सकाळी दाराशी माणूस निवडणारा तोलीवाला हाच देव. १९४८ च्या गोदी कामगार कायद्याने नोंदणी आणली, १९५१ मध्ये मुंबईत गोदी कामगार मंडळ झालं. गोदीबाहेर मस्जिद बंदर, दाणाबंदर इथल्या बाजारपेठांत मात्र माथ्यावर ओझं वाहणारा तसाच उघडा. तिथे अण्णासाहेब पाटलांनी, आणि पुण्यात हमाल पंचायतीतून बाबा आढावांनी, जी माणसं बांधली त्यांच्या रेट्याने १९६९ चा कायदा आला. मंडळात मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान, आणि सरकारचे त्या दोघांच्या बेरजेच्या एक तृतीयांशाहून जास्त नाहीत.

आता अभ्यासवर्गातल्या साथींचा आक्षेप. टेबल आहे, हे खरं. पण टेबलावर काय ठेवलंय ते बघा. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठीही २००८ च्या कायद्याने मंडळ झालं. तिथे मालकिणीची नोंदणी नाही, तिच्याकडून लेव्ही नाही, पगार मंडळातून जात नाही. म्हणून ते मंडळ सरकार पैसे देईल तेव्हा हलतं, एरवी निजतं. बांधकाम मजुरांच्या मंडळाकडे उपकराचा पैसा भरपूर येतो, पण नाक्यावर कुणी कुणाला किती रुपयांत उचललं यावर त्याचं काहीच चालत नाही. माथाडीत मजुरी आणि लेव्ही दोन्ही मालकाने मंडळात भरायची आणि मंडळाने कामगाराच्या खात्यात टाकायची. मालक बदलला, दुकान बंद पडलं, तरी निधी आणि ग्रॅच्युइटीचं खातं तुटत नाही, कारण कामगाराचं नातं एका दुकानाशी नाही, सगळ्या बाजाराशी आहे. भांडवलदाराचं सर्वांत धारदार हत्यार म्हणजे 'उद्या येऊ नकोस' हे तीन शब्द. ते बोथट करणारी तरतूद मला कल्याण योजनेहून मोठी वाटते. १९८१ मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांसाठी याच धर्तीवर कायदा झाला, तो उगीच नाही.

समाजवाद आहे का? नाही. माल, गोदाम, नफा सगळं मालकाचंच राहतं. ठेका मात्र जातो, आणि माणूस लावण्या-काढण्याचा अधिकार थोडा तरी सामूहिक होतो.

खरी टीका वेगळ्या जागी आहे आणि ती आपल्या लोकांना आवडत नाही. नोंदणीने आत आणि बाहेर असं दार तयार होतं. आतल्याचा बिल्ला लाखमोलाचा होतो, मग तो विकला जातो. नोंदीत माणूस घरी, त्याच्या जागी बदली मजूर निम्म्या पैशात, बाकी निम्मे बिल्लेवाल्याला. ठेकेदार गेला आणि त्याच्या जागी हमालच छोटा ठेकेदार झाला. त्यात बाजारातल्या बायका बघा: सांडलेलं धान्य गोळा करणाऱ्या, चाळणाऱ्या, पाखडणाऱ्या, गोण्या शिवणाऱ्या. पाठीवर गोणी नाही म्हणून त्यांना हमाल धरायला पुरुषांची टोळी पुष्कळदा तयार नसते. तुमच्या संकुलात झाडणाऱ्या, लेबल चिकटवणाऱ्या, खोकी बांधणाऱ्या बाया किती आहेत? त्या ७० त मोजल्यात का?

उत्तर ५ – चाळीतला कांदा

पाणवठा यांचं पटतं, पण बाजार समितीच्या बाजूने बघा. हमाली, तोलाई (वजन करण्याचे पैसे), वाराई शेतकऱ्याच्या पट्टीतून (विक्रीच्या हिशेबाच्या पावतीतून) कापली जाते. एप्रिल २०२४ मध्ये नाशिक जिल्ह्यात हमाली-तोलाई-लेव्हीच्या वादात कांद्याचे लिलाव बंद पडले, तेव्हा व्यापारी आणि हमाल भांडत होते आणि कांदा शेतकऱ्याचा सडत होता. लेव्ही व्यापाऱ्याने भरायची असं कागदावर असलं तरी तो ती भावात वसूल करतो. शेतकऱ्याशी बोलल्याशिवाय हमालांनी बाजार समितीत लढा उभा केला तर गावाची सहानुभूती मिळणार नाही.

उत्तर ६ – गोणपाट

हे बरोबर आहे, म्हणून मागणीत शब्द नीट घाला. 'लेव्ही खरेदीदाराने भरावी, पट्टीत दाखवू नये.' पट्टीची प्रत शेतकऱ्याच्या हातात असते, तीच दोघांचा पुरावा. भिवंडीत मात्र हा प्रश्न नाही, तिथे माल कंपन्यांचा आहे.

हातगाडी

सगळ्यांचे आभार. बायका मोजल्या नव्हत्या. आज विचारलं, २३ आहेत, पॅकिंग आणि झाडलोट.

अजून एक. उत्तर प्रदेश-बिहारवाल्यांची नोंदणी होते का? मराठवाड्यातले काही म्हणतात, आधी आमची करा, मग बघू. आणि बुजुर्ग हमाल आहेत चार, पन्नाशीच्या पुढचे. टोळीत वाटणी सारखी करायची की कामाप्रमाणे, यावर रोज खटके.

उत्तर ७ – तराजू

माथाडी कायद्यातली असंरक्षित कामगाराची (तो कायदा ज्याला लागू होतो त्याची) व्याख्या कामावरून ठरते, गावावरून नाही. ओळखपत्र आणि स्वतःच्या नावाचं बँक खातं लागेल, परप्रांतीयांचं खातं गावाकडच्या शाखेत असेल तरी पैसे येतातच. 'आधी आमची' म्हणणाऱ्यांना एवढंच विचारा: अर्ज ३५ जणांचा गेला तर उरलेले ३५ ठेकेदार कुणासाठी वापरेल?

दोन्ही भाषांत सभा घ्या, एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने सांगायचं असं नको. वेळ जास्त लागतो, पण अर्धवट समजलेला माणूसच पहिला फुटतो. वर्गणीच्या पावतीवर रक्कम आणि महिना हिंदीतही छापून घ्या.

पॅकिंगच्या बायकांचा अर्ज मात्र वेगळा काढायचा का हे आधी मंडळात विचारा. कायद्याच्या अनुसूचीत (शेवटी जोडलेल्या यादीत) कुठला उद्योग आणि त्यातलं कुठलं काम धरलंय यावर ते ठरतं. एका अर्जात कोंबून सगळाच अर्ज परत आला तर दोष त्यांच्या माथी मारला जाईल.

उत्तर ८ – पाणवठा

वाटणीबद्दल. सारखी करा. कामाप्रमाणे म्हटलं की कुणी किती गोण्या नेल्या हे मोजायला माणूस लागतो, आणि तो मोजणारा म्हणजे नवा मुकादम. सारख्या वाटणीत तरणे कुरकुरतात, त्यावर उपाय पैशात शोधू नका, कामात शोधा. बुजुर्गांना गाडीत वर चढवू नका. थप्पीच्या तोंडाशी गोणी पाठीवर देणं, नग मोजणं, फळी सरळ ठेवणं, वही लिहिणं ही कामं त्यांची. ती हलकी वाटतात, पण फळी घसरली तर सगळी टोळी दिवसभर बसते.

ओझ्याचं एक लक्षात असू द्या. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये शिफारस केली की प्रौढ पुरुषाने एकट्याने वाहायचं ओझं ५५ किलोहून जास्त असेल तर ते शक्य तितक्या लवकर तेवढ्यावर आणावं. गोदामात ५० च्या कट्ट्यांत मधूनच ७०-८० किलोचे नग येतात आणि कुणीतरी मर्दुमकी दाखवायला एकटाच उचलतो. टोळीचा नियम करा: नगावर ५५ च्या वर आकडा असेल तर दोघं. नियम टोळीचा असला की तरण्याला नाही म्हणायची लाज वाटत नाही.

आणि जेवणाचं बघा. पुण्यात हमाल पंचायतीने १९७४ मध्ये 'कष्टाची भाकर' सुरू केली, स्वस्त आणि पोटभर जेवण, कारण बाजारात हमालाच्या मजुरीचा मोठा वाटा खाणावळीतच जायचा. ७० माणसांचं जेवण संकुलात आज कोण पुरवतं? ठेकेदाराच्या मेव्हण्याचा डबा असेल तर उधारीची वही त्याच्याकडे आहे, आणि अर्जावर सही करायच्या दिवशी तो ती वही बाहेर काढणार.

हातगाडी

डबा ठेकेदाराच्या भावाचाच आहे. उधारी माणशी हजार ते तीन हजार.

उत्तर ९ – गोणपाट

मग अर्ज पुढच्या महिन्यात. आधी उधारी फेडायला लागा. टोळीने रोज माणशी २० रुपये बाजूला काढले तर २० जणांचे दिवसाला ४०० होतात, २६ दिवसांत १०,४००. सगळी उधारी त्यात फिटणार नाही, म्हणून ज्याची सर्वांत मोठी त्याची पहिली फेडायची, आणि डबेवाल्याच्या वहीत त्याच्याच हाताने 'चुकते' लिहून घ्यायचं, तारखेसह. पेटी बुजुर्गाकडे, किल्ली दुसऱ्याकडे. या एका महिन्यात कोण नियमाने पैसे आणतो आणि कोण टाळतो ते कळतं, मुकादम त्यातून निवडा.